विद्यार्थी वैमानिकाची पहिली क्रॉस कंट्री: नियम, आखणी आणि प्रत्यक्ष उड्डाण

सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, एकट्याने विमान उडवणारा विद्यार्थी धावपट्टी सहसा नजरेआड होऊ देत नाही. काही बिघडलेच तर वळून उतरता येते, आणि खाली प्रशिक्षक रेडिओजवळ उभा आहे हे त्याला ठाऊक असते. क्रॉस कंट्रीला, म्हणजे एका विमानतळाहून दूरच्या दुसऱ्या विमानतळाकडे, निघाल्यावर हा आधार पहिल्या दहा मिनिटांतच मागे पडतो. पुढचा दीड-दोन तास विमान कुठे आहे, किती वेगाने चालले आहे, इंधन किती उरले आहे आणि पुढच्या विमानतळावर ते कधी पोहोचेल, या सगळ्याचा हिशेब एकट्या विद्यार्थ्याला ठेवावा लागतो. हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांची पहिली सोलो, म्हणजे एकट्याने केलेली फेरी, झाली आहे आणि ज्यांच्यापुढे आता क्रॉस कंट्रीचे तास उभे आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच बेतलेले आहे. खाली दिसणारी गावे आणि नद्या ओळखत पुढे जाणे म्हणजे नेव्हिगेशन, असा बहुतेक नवशिक्यांचा समज असतो. खरा क्रम याच्या उलट आहे: आधी घड्याळ पाहायचे, मग त्या वेळेला आपण कुठे असायला हवे ते नकाशावर पाहायचे, आणि त्यानंतरच खिडकीबाहेर ती खूण शोधायची.

नियम नेमके काय मागतात

भारतातील वैमानिक परवान्यांच्या अटी विमान नियम, १९३७ च्या दुसऱ्या अनुसूचीत दिलेल्या आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले डीजीसीए, करते. विद्यार्थी वैमानिक परवाना, अर्थात एसपीएल, वयाच्या सोळाव्या वर्षापासून मिळू शकतो. या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत, मोबदला घेता येत नाही आणि केवळ दृश्य नियमांखाली, म्हणजे व्हीएफआरमध्येच, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उडता येते. क्रॉस कंट्रीसाठी त्याच परवान्यात आणखी अटी आहेत: किमान दहा तासांचे सोलो उड्डाण झालेले असावे, आणि एअर रेग्युलेशन्स, एअर नेव्हिगेशन व एव्हिएशन मीटिऑरॉलॉजी या विषयांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या असाव्यात. पुस्तके नंतर बघू, आधी तास भरू, असे म्हणणारा विद्यार्थी इथे अडकतो आणि ऐन चांगल्या हवेच्या महिन्यांत हँगरमध्ये बसून राहतो.

खाजगी वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे पीपीएलसाठी, एकूण ४० तासांपैकी २० तास सोलो लागतात आणि त्यात पाच तास सोलो क्रॉस कंट्री असावी लागते. या पाच तासांत किमान एक उड्डाण १५० नॉटिकल मैलांचे, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचे, असावे आणि त्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेले असावे. व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, २०० तासांपैकी १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार वैमानिक, म्हणून लागतात, त्यांपैकी २० तास क्रॉस कंट्रीचे असतात, आणि त्यात एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचे, पुन्हा दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबा घेतलेले, लागते.

यातील दोन शब्दांवर विद्यार्थी घसरतात. पहिला शब्द 'पूर्ण थांबा'. चाके टेकवून लगेच पुन्हा उड्डाण करणे, म्हणजे टच अँड गो, येथे धरले जात नाही. विमान धावपट्टीवर थांबले पाहिजे. दुसरा शब्द 'पायलट-इन-कमांड'. प्रशिक्षक शेजारी बसून शिकवत असेल, तर ते तास ड्युअलचे असतात, मग नियंत्रण सगळा वेळ विद्यार्थ्याच्या हातात असले तरीही. ३०० मैलांचे उड्डाण ड्युअलमध्ये उरकून टाकले आणि फाइल सादर करताना ते मोजले गेले नाही, अशी वेळ येऊ नये म्हणून आपल्या तासांचा तक्ता पहिल्या दिवसापासून स्वतः ठेवावा. नियमांत अधूनमधून दुरुस्त्या होतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी अनुसूचीची चालू आवृत्ती डीजीसीएच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. वरच्या बॅचमधल्या मित्राकडून आलेल्या फोटोवर विसंबू नये.

मार्ग निवडणे

प्रत्यक्ष उदाहरण घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही, म्हणून बारामतीहून निघणारा एक त्रिकोणी मार्ग घेऊ: बारामती ते सोलापूर सुमारे ८५ नॉटिकल मैल, सोलापूर ते लातूर सुमारे ५६, आणि लातूर ते बारामती सुमारे १०८. एकूण २४९ मैल होतात आणि वाटेत दोन थांबे मिळतात, म्हणजे पीपीएलची १५० मैलांची अट सहज भागते. लातूरऐवजी दुसरा थांबा नांदेडला घेतला, तर हाच त्रिकोण सुमारे ३७० मैलांचा होतो आणि सीपीएलची ३०० मैलांची अटही पूर्ण होते. हे केवळ उदाहरण आहे. त्या त्या विमानतळाची त्या दिवसाची स्थिती, उतरण्याची परवानगी आणि वेळा आधी विचारून घ्याव्या लागतात.

बारामतीहून थेट उत्तरेला छत्रपती संभाजीनगरला जाणारी रेषा पहिल्यांदा का टाळावी, हेही नकाशा पाहिल्यावर कळते. त्या बाजूला अहिल्यानगरजवळ लष्कराच्या गोळीबार सराव क्षेत्राचा भाग आहे, आणि पश्चिमेला पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे. नकाशावरच्या निषिद्ध, प्रतिबंधित आणि धोक्याच्या क्षेत्रांच्या सीमा लाल पेन्सिलीने गडद करून घ्याव्यात, आणि त्यांना वळसा घालायला लागत असेल, तर तो वळसा जमिनीवर असतानाच आखावा.

रेषा आणि खुणा

नकाशावर रेषा ओढल्यावर तिच्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी एक खूण निवडायची असते. ही खूण वरून एकमेवाद्वितीय दिसली पाहिजे, आणि नेमकी हीच अट पश्चिम महाराष्ट्रात पाळणे अवघड जाते. साखर कारखान्याची चिमणी लांबून उत्तम दिसते, पण या पट्ट्यात कारखाने इतके आहेत की एका चिमणीवर भरवसा ठेवणाऱ्याला दर पाच-सात मिनिटांनी आपली चिमणी सापडत राहते. उजनीचे पाणी मोठे आणि ठळक खरे, पण नकाशावर जो आकार छापलेला असतो तो भरलेल्या धरणाचा. मे महिन्यात पाणी आटून तिथे वेगळेच भूगोलाचे पुस्तक उघडलेले असते. धरणाची भिंत मात्र जागची हलत नाही, तेव्हा खूण म्हणून पाण्यापेक्षा भिंत घ्यावी.

बारामती ते सोलापूर या रेषेवर निसर्गाने एक फार चांगली खूण ठेवली आहे. उजवीकडून नीरा आणि डावीकडून भीमा हळूहळू जवळ येत जातात आणि नीरा नरसिंहपूरला एकमेकींना मिळतात. हा संगम बारामतीपासून साधारण ३५ मैलांवर, जवळजवळ रेषेवरच आहे. दोन नद्या एकत्र येण्याचा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार वरून चुकत नाही. पुढे साधारण ६७ मैलांवर मोहोळ रेषेच्या थोडे डावीकडे राहते, त्यानंतर सीना नदी ओलांडली की सोलापूर समोर येते. संपूर्ण मार्गात पुणे-सोलापूर महामार्ग डाव्या हाताला असतो. त्याला पकडून जायचे नाही, पण वाट चुकल्यास डावीकडे वळले की तो कधीतरी आडवा येणारच, एवढे माहीत असणे पुष्कळ धीर देते.

परतीच्या मार्गावर बारामतीच्या अलीकडे भिगवणच्या आसपास उजनीचा फुगवटा ओलांडावा लागतो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. छायाचित्रासाठी खाली जाण्याचा मोह अनेकांना होतो. पक्ष्याची धडक लहान विमानाच्या काचेला काय करते, हे ज्याने पाहिले आहे तो तिथे उंची राखूनच जातो.

वाऱ्याचे गणित

आता आकडे. विमानाचा हवेतील खरा वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैल, आहे आणि वारा पश्चिमेकडून, २७० अंशांवरून, १५ नॉटने वाहतो आहे असे धरू. बारामती ते सोलापूर ही दिशा सुमारे ११५ अंश. वारा उजवीकडून मागून येतो, त्यामुळे रेषेवर राहण्यासाठी विमानाचे नाक सुमारे चार अंश उजवीकडे ठेवावे लागेल, म्हणजे हेडिंग ११९. जमिनीवरील वेग मात्र ११३ नॉटपर्यंत वाढतो, आणि ८५ मैलांना ४५ मिनिटे पुरतात. संगम त्याच हिशेबाने एकोणिसाव्या मिनिटाला यायला हवा.

सोलापूर ते लातूर ही दिशा सुमारे ३३ अंश. इथे वारा डावीकडून मागून येतो. हेडिंग २६ अंश, वेग १०७ नॉट, वेळ ३१ मिनिटे. परतीची दिशा २६४ अंश, म्हणजे वारा जवळजवळ तोंडावर. जमिनीवरील वेग ८५ नॉटवर येतो आणि १०८ मैलांना ७६ मिनिटे लागतात. वारा नसता तर ६५ लागली असती. तिन्ही टप्पे मिळून १५२ मिनिटे होतात. जाताना वाऱ्याने मदत केली म्हणून येताना तो फिट्टंफाट करतो असे नाही; तोंडावरच्या वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तो घेतो जास्त आणि देतो कमी. इंधन मोजताना ही गोष्ट विसरणारे बरेच असतात.

नकाशावरील दिशा आणि होकायंत्रावरील दिशा यांतला फरक, म्हणजे चुंबकीय विचलन, आपल्याकडे एका अंशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, म्हणून विद्यार्थी नॅव्ह लॉगमधला, म्हणजे उड्डाणाच्या हिशेबाच्या तक्त्यातला, तो रकाना मोकळा सोडतात. सवय म्हणून तो भरावा. परदेशात पंधरा अंशांचे विचलन असलेल्या प्रदेशात उडण्याची वेळ आली, तर मोकळ्या रकान्याची सवय महागात पडेल.

उंची निवडताना व्हीएफआरचा साधा नियम असा: चुंबकीय मार्ग ००० ते १७९ अंशांत असेल तर विषम हजार अधिक पाचशे, आणि १८० ते ३५९ अंशांत असेल तर सम हजार अधिक पाचशे फूट. म्हणून जाताना ५,५०० आणि येताना ४,५०० फूट. पठाराची उंचीच दीड ते दोन हजार फूट असल्याने ४,५०० फुटांवर जमिनीपासूनचे अंतर अडीच-तीन हजार फूट उरते. येताना ६,५०० फूटही चालले असते, पण वर वारा सहसा अधिक जोराचा असतो आणि तो तोंडावर आहे.

इंधन आणि उन्हाळा

सेसना १७२ सारखे विमान ताशी सुमारे ३४ लिटर पेट्रोल घेते असे धरले, तर १५२ मिनिटांना ८६ लिटर लागतात. टॅक्सी आणि चढाईसाठी आठ, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यासाठी अर्ध्या तासाचे सतरा, आणि वर एका तासाचे राखीव चौतीस धरले, तर १४५ लिटर होतात. राखीव इंधनाचा नियम आपल्या संस्थेच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तिथला आकडा कमी असला, तरी मी विद्यार्थ्यांना नेहमी पूर्ण एक तास धरायला सांगतो. वाटेत भरून घेऊ हा विचार करू नये, कारण पिस्टन इंजिनांना लागणारे ॲव्हगॅस प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. मोठ्या विमानतळावरही जेटचे इंधन असते आणि ॲव्हगॅस नसते.

इंधन मापकाच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवावी, ओली रेघ कुठपर्यंत आली ते बोटाने धरून पाहावे आणि तो आकडा नोंदवहीत लिहावा. टाकीखालच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडात धरावे. १०० एलएल ॲव्हगॅसचा रंग फिकट निळा असतो. तळाशी रंगहीन थेंब लोळताना दिसला, तर ते पाणी आहे आणि ते जाईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत राहावे. पूर्ण नळी रंगहीन दिसली, तर सगळी नळीच पाण्याची असू शकते, हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात.

मे महिन्याच्या दुपारी ४० अंश तापमानात दोन हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर हवेची घनता साडेपाच हजार फुटांवरच्या प्रमाणित हवेइतकी असते. विमान उशिरा उठते आणि आळसावल्यासारखे चढते. उड्डाणासाठी लागणाऱ्या लांबीचा तक्ता तिन्ही विमानतळांसाठी, अपेक्षित तापमान धरून, भरावा.

हवामान, सूचना आणि परवानग्या

दहा हजार फुटांखाली नियंत्रित क्षेत्रात व्हीएफआरला पाच किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांपासून आडवे दीड किलोमीटर व उभे हजार फूट अंतर लागते. हा कायद्याचा किमान आकडा आहे. पहिल्या सोलो क्रॉस कंट्रीला पाच किलोमीटर दृश्यमानतेत निघणे म्हणजे समोर जेमतेम दीड मिनिटाचा मुलूख दिसत असताना चालणे, आणि तेवढ्यात संगम ओळखणे कठीण असते. माझ्या मते आठ किलोमीटरखाली पहिल्यांदा निघूच नये. हिवाळ्यातील सकाळचे धुके आणि शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर यांमुळे नऊ वाजेपर्यंत थांबावे लागते. दुपारी उशिरा परतताना मात्र २६४ अंशांवर सूर्य थेट डोळ्यांत येतो. म्हणून साडेनऊच्या सुमारास निघून दुपारी चारच्या आत परत येणे सोयीचे पडते. जून ते सप्टेंबर या काळात क्रॉस कंट्रीचे वेळापत्रक आखणाऱ्या विद्यार्थ्याने दुसरे काही वाचण्यासाठी सोबत ठेवावे.

नोटाम, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या ताज्या सूचना, वाचणे हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच ते राहून जाते. सोलापूरच्या धावपट्टीजवळ एका साखर कारखान्याची उंच चिमणी वर्षानुवर्षे उड्डाणमार्गातील अडथळा म्हणून गाजत होती, आणि जून २०२३ मध्ये ती पाडण्यात आली. जुन्या नकाशावर भरवसा ठेवणारा विद्यार्थी त्यानंतर नसलेल्या चिमणीवरून आपली जागा ठरवू लागला असता. उलटेही घडते: नवा मनोरा किंवा क्रेन उभी राहते आणि तिची बातमी केवळ नोटाममध्ये असते.

फ्लाइट प्लॅन सादर केल्यावर फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षणासाठीचा एडीसी क्रमांक घ्यावा लागतो. हे दोन्ही क्रमांक गुडघ्यावरच्या पाटीवर, म्हणजे नी-बोर्डवर, ठळक लिहून ठेवावेत. रेडिओवर ते विचारले जातात, आणि तेव्हा पाकिटातला कागद शोधण्यात हात गुंतू नयेत. निघायला उशीर झाला, तर हे क्रमांक अजून चालतील असे गृहीत न धरता पुन्हा विचारावे. प्रत्येक थांब्यावरूनही पुढच्या टप्प्याचे काम वेगळे करावे लागते. शेवटी प्रशिक्षकाने नॅव्ह लॉग तपासून ऑथोरायझेशन बुकमध्ये सही केल्याशिवाय विमानाकडे जायचे नसते. तो सही करताना एखादा आकडा पुन्हा काढायला लावतो, तेव्हा राग मानू नये.

प्रत्यक्ष उड्डाण

उड्डाणानंतर धावपट्टीच्या माथ्यावर येऊन हेडिंग धरले की त्या क्षणाची वेळ लिहावी. हे काम पाच सेकंदांचे आहे, आणि पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया तेच आहे. त्यापुढे प्रत्येक खुणेची अपेक्षित वेळ आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी-शेजारी लिहीत जावी. पेन्सिल दोऱ्याने पाटीला बांधलेली असावी. हवेचा धक्का बसून पेडलखाली गेलेली पेन्सिल उड्डाण चालू असताना परत मिळत नाही.

या बाबतीत माझीच फजिती सांगतो. पहिल्या सोलो क्रॉस कंट्रीला अकराव्या मिनिटाला मला उजवीकडे पाण्याचा एक फाटा नदीला मिळताना दिसला आणि मी त्यालाच संगम ठरवून टाकले. नॅव्ह लॉगमध्ये संगम एकोणिसाव्या मिनिटाला होता. आठ मिनिटांचा फरक म्हणजे त्या वेगाने पंधरा मैल. पण खूण लवकर सापडल्याच्या आनंदात मी वाऱ्याने आज चांगलीच साथ दिली असे समजून पुढच्या टप्प्याचे आकडे बदलले. नंतर खरा संगम समोर आला तेव्हा तो 'कोणता' हे मला कळेना, आणि हातातल्या नकाशावर मी त्याला बसवायला जागा शोधू लागलो. घड्याळाकडे नीट पाहिल्यावर सगळे सरळ झाले. ज्याच्या हिशेबात जमीन आधी येते, तो दिसेल त्या खुणेला नकाशात कोंबतो.

रेषेपासून बाजूला गेल्यावर दुरुस्ती कशी करावी, यासाठी साठात एक हा नियम पुरतो. साठ मैलांत एक मैल बाजूला गेले, तर एक अंशाची चूक. समजा, ३५ मैल गेल्यावर संगम तीन मैल डावीकडे दिसला, म्हणजे आपण उजवीकडे सरकलो आहोत. झालेली चूक तीन गुणिले साठ भागिले पस्तीस, साधारण पाच अंश. उरलेल्या ५० मैलांत रेषेवर परत येण्यासाठी तीन गुणिले साठ भागिले पन्नास, साधारण चार अंश. एकूण नऊ अंश डावीकडे वळले, की सोलापूरवरच पोहोचतो. हे गणित हवेत तोंडी जमले पाहिजे, म्हणून ते जमिनीवर शंभरदा करावे.

दर पंधरा मिनिटांनी इंधन, इंजिनाचे तापमान व दाब, जायरोची, म्हणजे फिरत्या चाकावर चालणाऱ्या दिशादर्शकाची, दिशा होकायंत्राशी जुळते का, आणि उंची, एवढे तपासावे. जायरो हळूहळू सरकतो. वीस मिनिटांत पाच-सात अंश सरकलेला जायरो आणि बरोबर काढलेले हेडिंग यांचे एकत्र काही चालत नाही.

वाट चुकलीच तर

गरगर फिरू नये. ठरलेल्या हेडिंगवर सरळ राहावे, वेळ लिहावी, आणि शेवटची खात्रीची खूण कोणती होती व त्यानंतर किती मिनिटे झाली, यावरून नकाशावर अंदाजे बिंदू काढावा. त्या बिंदूभोवती, उडालेल्या अंतराच्या एक दशांश त्रिज्येचे वर्तुळ काढले, की आपण बहुधा त्याच्या आत असतो. ढग नसतील तर थोडे वर जावे; नजर लांब पोहोचते आणि रेडिओही. मग महामार्ग, रेल्वे किंवा मोठी नदी अशी लांबट खूण गाठावी. रेडिओवर मदत मागण्याची लाज वाटू देऊ नये. चालू फ्रीक्वेन्सीवर उत्तर मिळाले नाही, तर १२१.५ ही आपत्कालीन फ्रीक्वेन्सी आहे. रेडिओच बंद पडला, तर ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६००, आणि संकटात ७७००. इंधन राखीव साठ्याला भिडण्याच्या आत, जिथे आहोत तिथून जवळच्या ओळखीच्या धावपट्टीकडे वळायचे हे आधीच ठरलेले असावे.

अनोळखी धावपट्टीवर उतरणे

गंतव्याच्या दहा-बारा मैल आधी धावपट्टीची दिशा, विमानतळाची उंची आणि सर्किटची बाजू पुन्हा वाचावी. समोर धावपट्टी दिसली म्हणजे ती आपलीच, असे मानू नये. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे चार इंजिनांचे प्रवासी विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी संपून पुढे गेले. दोन्ही विमानतळ जवळजवळ, आणि धावपट्ट्या साधारण एकाच दिशेच्या. अनुभवी चमूची ही गत होते, तर चाळीस तासांच्या विद्यार्थ्याने धावपट्टीवर रंगवलेला क्रमांक वाचून तो आपल्या होकायंत्राशी ताडून पाहण्यात कमीपणा नाही. नियंत्रण कक्ष नसेल, तर आपली जागा आणि हेतू रेडिओवर सांगत, वरून एक फेरी मारून वाऱ्याची पिशवी पाहावी आणि मगच सर्किटमध्ये शिरावे. उतरल्यावर प्रशिक्षकाला फोन करावा आणि फ्लाइट प्लॅन बंद झाला आहे याची खात्री करावी, चहा त्यानंतर.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी

अमेरिकेत प्रशिक्षण घेणाऱ्या मराठी मुलांची संख्या बरीच आहे, आणि तिथले आकडे थोडे वेगळे आहेत. तिथे खाजगी परवान्यासाठी ज्या उड्डाणात सरळ रेषेत ५० मैलांहून दूरच्या विमानतळावर उतरलेले आहे, तेच क्रॉस कंट्री धरले जाते. सोलो क्रॉस कंट्रीचे पाच तास लागतात. त्यांत एक उड्डाण १५० मैलांचे, तीन ठिकाणी पूर्ण थांबा घेतलेले, आणि त्याचा एक टप्पा ५० मैलांहून मोठा असावा लागतो. शिवाय प्रशिक्षकासह रात्रीची १०० मैलांहून अधिक अंतराची एक क्रॉस कंट्री असते. तिथल्या नियमांनुसार खाजगी परवाना मिळाल्यावर, प्रशिक्षक शेजारी असतानाही स्वतः विमान चालवल्याचे तास पायलट-इन-कमांड म्हणून लिहिता येतात. भारतात परवाना रूपांतरित करताना हे तास ड्युअल धरले जातात आणि शंभराचा आकडा एकदम खाली येतो. तिथे असतानाच लॉगबुकमध्ये हे तास वेगळ्या रकान्यात लिहीत जावे आणि खरोखर एकट्याने केलेली ३०० मैलांची क्रॉस कंट्री मार्गासह स्पष्ट नोंदवून घ्यावी.

लॉगबुक आणि पुढचा टप्पा

परत आल्यावर विमान बांधून झाले की त्याच संध्याकाळी लॉगबुक भरावे: तारीख, विमानाची नोंदणी, मार्गातील प्रत्येक विमानतळ, निघण्याच्या आणि उतरण्याच्या वेळा. 'लोकल' आणि 'क्रॉस कंट्री' हे रकाने वेगळे असतात. नॅव्ह लॉगचा कागद फेकू नये. अपेक्षित आणि प्रत्यक्ष वेळांतील फरक पुढच्या उड्डाणाच्या ब्रीफिंगला प्रशिक्षकासमोर ठेवावा. पहिल्या टप्प्यावर सहा मिनिटांची चूक झाली असेल, तर ती वाऱ्याची होती, हेडिंगची होती की वेळच लिहायची राहिली होती, हे त्या कागदावरून दहा मिनिटांत कळते. सीपीएलच्या चाचणीत दिवसाची किमान २५० मैलांची क्रॉस कंट्री आणि रात्रीची किमान १२० मैलांची, वाटेत कुठेही न उतरता परत येणारी, अशी दोन उड्डाणे असतात. रात्रीच्या उड्डाणात संगम दिसत नाही, मोहोळ म्हणजे फक्त दिव्यांचा पुंजका असतो, आणि हातात उरते ते घड्याळ.